प्रकल्प गावातच करायचा तर... (विहिरी झाल्या, आता शाळेचं जुनं रजिस्टर)

खाडीपलीकडचा | १६ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

गुहागर तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात शिकवतो. सातवीला अकरा पोरं. इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल तिन्ही माझ्याकडे, शिवाय पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब.

आमच्याकडे प्रकल्प म्हणजे काय हे बहुतेकांना माहीत असेल. थर्माकोलचा सिंधुदुर्ग, नाहीतर कार्डशीटवर चिकटवलेली चित्रं. तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात 'माझा गाव' म्हणून आठ पानं तयार मिळतात, गावाच्या नावाची जागा फक्त मोकळी. दोन वर्षांपूर्वी एका घरी रात्री काही कामाला गेलो, तर वडील ओटीवर बसून बुरूज कापत होते आणि पोरगा आत ढाराढूर. त्या बुरुजाला दहापैकी नऊ गुण मीच दिले.

गेल्या वर्षी वेगळं करून पाहिलं. आधीच्या एप्रिलात वरच्या वाडीला टँकर आला तेव्हा एका पोराने विचारलं होतं, "सर, आपल्याकडे पाऊस एवढा कोसळतो, मग टँकर कशाला?" तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि मे महिन्यात हंडे रांगेत. उत्तर मला तोंडपाठ होतं: जांभा पाणी धरून ठेवत नाही, उतार तीव्र, नद्या आखूड, पडलेलं सगळं दोन तासांत खाडीला. पण तेवढं सांगून टाकलं असतं तर प्रश्न तिथेच संपला असता. म्हटलं, जून लागला की गावातल्या विहिरी मोजू.

भूमी अभिलेखच्या कार्यालयातून गावनकाशाची प्रत आणली. सुंभाला मीटर-मीटरवर गाठी मारल्या, टोकाला दगड. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पोरांनी पाण्याची पातळी घ्यायची. पहिले दोन महिने वाया गेले, कारण अर्ध्या विहिरी कठड्यापासून मोजल्या होत्या आणि अर्ध्या जमिनीपासून. आकडे जुळेनात तेव्हा चूक पोरांनीच शोधली. कठड्याची उंची वजा करायची हे भूगोलाच्या पुस्तकात नसतं.

नकाशावर आणि माणसांच्या आठवणीत मिळून तेवीस विहिरी निघाल्या, वापरात नऊ. सड्याकडच्या (वरच्या कातळाच्या पठाराकडच्या) विहिरी फेब्रुवारीतच तळाला. खाडीकडच्यांना पाणी राहतं, पण मार्चनंतर मचूळ होतं. हे सगळं तक्त्यात मांडलं. रकाने असे: विहिरीचं नाव, कोणी खणली, खोली, पाणी कुठल्या महिन्यापर्यंत, आता कोण वापरतं.

आणि मग गोची झाली. एका मुलीने आजीला विचारून एक पान लिहिलं होतं. मधल्या वाडीतल्या विहिरीवर त्यांच्या वाडीने जायचं नाही, खाली घडे ठेवून थांबायचं, वरून कोणी ओतलं तर पाणी. बाकी पानांबरोबर तेही २६ जानेवारीच्या प्रदर्शनात लावलं. दुपारी एक गृहस्थ आले आणि म्हणाले, "गुरुजी, पाण्याचा प्रकल्प ना? मग हे जुनं कशाला उकरताय?" आवाज चढवला नाही, काही नाही. पण मी ते पान काढून ठेवलं. पोरगी बघत होती. ती आता आठवीला गेली, तालुक्याच्या शाळेत.

यंदा शाळेचं जुनं जनरल रजिस्टर घ्यावं म्हणतो. कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ मध्ये ही रजिस्टरं सगळीकडे कपाटाबाहेर निघाली, तेव्हा पहिल्यांदा नीट चाळलं. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात पानंच्या पानं एकच शब्द: 'मुंबईस'. कोण, कधी, कितव्या वर्षी, कशासाठी गेलं, हे पोरांनी शोधावं असं डोक्यात आहे. पण गेल्या वर्षीसारखं तोंडावर पडायचं नाही. अनुभवी लोकांनी सुचवा.

---

मूळ_राजापूर_सध्या_गिरगाव | १६ जून, रात्री १०:५५

मास्तर, काय रकाना काढलात! माझ्या आजोबांची नोंद अशीच असणार. बारा वर्षांचे असताना बोटीने आले, लालबागला गाववाल्यांच्या खोलीत. एका खोलीत वीस-बावीस जण, पाळीप्रमाणे झोपायचं, म्हणजे रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच वळकटीवर. जेवण खाणावळीवालीकडे. महिन्याची मनिऑर्डर चुकली तर गावात चर्चा.

पोरांना सांगा, घरी ट्रंकेत बघा. मनिऑर्डरच्या पावत्या, गिरणीचं तिकीट, गावमंडळाच्या वर्गणीची पुस्तकं निघतील. ८२च्या संपात (१८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला) किती जण परत गावी आले ते याच रजिस्टरात दिसेल बघा, उलट्या बाजूने. त्या एक-दोन वर्षांत मुंबईच्या शाळेतून नाव काढून गावच्या शाळेत घातलेली पोरं असणार. मी त्यातलाच एक. चौथीत होतो. इथल्या पोरांनी मला वर्षभर 'मुंबैकर' म्हणून छळलं.

---

कातळवेडा | १६ जून, रात्री ११:२०

वाचतोय. विहिरींपेक्षा सड्यावर न्या हो पोरांना. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे... तुमच्या आसपासही असतील. फक्त रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू फासू देऊ नका, आणि चिरेखाणीच्या काठावर सांभाळून.

---

शंकेखोर | १७ जून, सकाळी ७:४०

चांगलं वाटतं वाचायला. पण मास्तर, एक सांगा. वर्षभर विहिरी मोजल्या, मग अभ्यासक्रम कोणी घेतला? सातवीला मध्ययुगीन इतिहास आहे, नागरिकशास्त्रात संविधान आहे. पोरांना मूलभूत हक्क किती ते सांगता येत नाही आणि सुंभाला गाठी मारतायत. स्कॉलरशिपला 'तुमच्या गावात विहिरी किती' असा प्रश्न येत नाही. आणि हो, तो रात्री बुरूज कापणारा बाप मीच आहे. म्हणजे तुमच्या गावातला नाही, पण तोच. आम्ही का कापतो? शाळा आठ दिवसांत 'आकर्षक' मॉडेल मागते म्हणून.

---

खाडीपलीकडचा | १७ जून, दुपारी १:३५

@शंकेखोर, शेवटचं वाक्य मान्य, शंभर टक्के. 'आकर्षक' हा शब्द मीही वापरलाय सूचनेत.

वेळेचं म्हणाल तर वर्षभरात सगळे मिळून बावीस तास गेले, त्यातले बरेच शनिवारचे. प्रमाण, समोच्च रेषा, जलधारक खडक हे भूगोलातलं त्यातच उरकलं. मध्ययुगीन इतिहास मात्र मार्चमध्ये धावत घेतला, हे कबूल करतो. नागरिकशास्त्राशी सांधा मला जुळवता आला नाही.

@कातळवेडा, आमच्या सड्यावर अजून तरी काही सापडलेलं नाही. सापडलं तर पहिलं तुम्हाला सांगेन.

---

तळ्याकाठची | १७ जून, रात्री ९:०५

मास्तर, नागरिकशास्त्राशी सांधा तुम्ही भिंतीवरून काढून ठेवलात.

मी महाडची, वकिली करते. संविधानाचं कलम १५ उघडा, त्याचं दुसरं उपकलम वाचा. दुकानं, उपाहारगृहं यांच्यानंतर चक्क विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते असे शब्द आहेत. समता, बंधुता असे मोठे शब्द इतरत्र आहेतच, पण इथे सरळ विहीर लिहिली आहे. देशाच्या संविधानात विहिरीचं नाव घालावं लागलं, ते का, हे त्या मुलीच्या आजीने एका पानात सांगितलंय. तुमच्या सातवीच्या पुस्तकातला मूलभूत हक्कांचा धडा आणि ते पान शेजारी ठेवा.

आमच्या गावचं थोडक्यात सांगते, पोरांना उपयोगी पडेल. सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सरकारी पैशातून बांधलेली वा चालवलेली पाणवठ्यांची ठिकाणं अस्पृश्यांना खुली असावीत. त्यानंतर महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं छान. प्रत्यक्षात कोणी तिथे पाणी भरू शकत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, आणि मग तळं खासगी की नगरपालिकेचं या मुद्द्यावर दावा. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. म्हणजे ठरावापासून चौदा वर्षं.

आता पोरांना विचारा: तुमच्या तेवीसपैकी किती विहिरी खासगी, किती ग्रामपंचायतीच्या? मधल्या वाडीतली कुणाची? हा प्रश्न विचारला की ते गृहस्थ 'जुनं उकरताय' म्हणू शकत नाहीत, कारण हा सातबाराचा प्रश्न आहे.

---

दर्यावर्दी_६१ | १७ जून, रात्री ९:४८

मी मालवणचो. मास्तरांनू, विहिरी झाल्यो, आता दर्याकडे बघा. आमच्याकडे रापण असा. एक होडी जाळा घेवन अर्धगोल मारता, आणि दोन्ही टोकां किनाऱ्यावरसून गाववाले ओढतत. बाकीचा सरळ मराठीत लिहितो, नायतर अर्ध्यांका कळाचा नाय.

रापणीत मासळीचे वाटे कसे पडतात हे पोरांनी नुसतं लिहून घेतलं तरी गावाचं अर्थशास्त्र कळतं. जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, ओढणाऱ्याचा वेगळा. पर्ससीन (यांत्रिक बोटींची मोठी जाळी) आल्यावर त्या वाट्यांचं काय झालं हे म्हाताऱ्यांना विचारा, पण लिलावाच्या वेळी वहीपेन घेऊन बंदरावर जाऊ नका, शिव्या खाल. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, होड्या वर ओढलेल्या, सगळे जाळी विणत बसलेले असतात. त्या वेळी माणूस बोलतो. हात कामात गुंतलेले असले की तोंड मोकळं होतं.

---

अलिबागचा_पांढरा_कांदा | १७ जून, रात्री १०:३०

वाचनखूण साठवली. आमच्याकडे चरीचा संप आहे, १९३३ ते १९३९. खोतांविरुद्ध शेतकऱ्यांनी सहा वर्षं भात लावलंच नाही. मी त्याच तालुक्यात शिकलो आणि शाळेत एका अक्षराने कळलं नाही. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं मात्र आजही पाठ आहेत.

---

निवृत्त_बाई | १८ जून, सकाळी ६:१५

तेहतीस वर्षं सिंधुदुर्गात प्राथमिकला शिकवलं. मुलांना लोकांच्या घरी पाठवायचे प्रयोग केले, आपटलेही. सुचतं तसं लिहिते.

साल विचारू नका. "आजी, तुम्ही मुंबईला कुठल्या साली गेलात?" या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, आणि मिळालं तर चुकीचं. खुंट्या द्या. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही केवढ्या होता? तो ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा. तुमच्या भागात ज्याला कळत होतं त्याला तो आठवतोच. रामदास बोट बुडाली ती १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस. ते सांगणारी माणसं आता विरळ. मग गिरण्यांचा संप, मग रेल्वे (पूर्ण मार्गावर गाडी १९९८ पासून), तुमच्या गुहागरात 'एन्रॉन यायच्या आधी की नंतर' हे तर हुकमी. आधी खुंट्यांची यादी मुलांकडून करून घ्या आणि मग घरोघर पाठवा.

एकट्याला पाठवू नका. दोघं जावीत, एकाने बोलावं, एकाने लिहावं. लिहिणाऱ्याने भाषा सुधारायची नाही. म्हातारी "पानी" म्हणाली तर पानी.

रजिस्टर मुलांच्या हातात द्यायचं नाही. त्यात जात आहे, जन्मतारखा आहेत, कुणाला 'नापास' म्हणून काढल्याचं आहे, आणि त्या लोकांची नातवंडं वर्गात बसलेली आहेत. तुम्ही नाव झाकून फक्त तीन गोष्टी वाचून दाखवा: सोडल्याचं साल, वय, कारण. तेवढ्यावर आलेख होतो. पुढे ज्या घराला स्वतःहून सांगायचं असेल ते सांगेल.

आता तुमच्या काढलेल्या पानाबद्दल. चूक ते लावण्यात झाली नाही. ते लावण्याआधी आजीला वाचून दाखवलं होतंत का? लोकांनी सांगितलेलं भिंतीवर जायच्या आधी त्यांच्या कानावर गेलं पाहिजे. एक तर चुका दुरुस्त होतात. दुसरं म्हणजे, मग कुणी आलं तर "हे आजींनी वाचून हो म्हटलंय" असं सांगता येतं. तुम्ही एकटे पडलात कारण ते पान तुमचं आणि मुलीचं होतं. आजी त्यात नव्हतीच.

जाता जाता. गावच्या अभिमानाच्या गोष्टीही तपासायला लावा, दुखऱ्याच नकोत. विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला असं आमच्याकडे पोरगंसुद्धा सांगतं. किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' आहेत (ग्रहण बघायला साहेबाने बांधले म्हणतात ते), १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहणही खरं. पण या शोधाशी ज्याचं नाव जोडतात तो फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन त्या दिवशी गुंटूरला होता, आणि इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियरने हेलियमची पिवळी रेषा सूर्यप्रकाशात पाहिली ती ऑक्टोबरात, इंग्लंडमध्ये बसून, ग्रहणाशिवाय. मग ओटे कसले? एकदा सातवीच्या वर्गाला हा प्रश्न टाकला तर महिनाभर भांडत होती.

---

मूळ_राजापूर_सध्या_गिरगाव | १८ जून, सकाळी ९:०२

बाई, हेलियमवर आमच्या मालवणच्या सासऱ्यांशी माझं लग्न झाल्यापासून भांडण आहे. हा प्रतिसाद त्यांना दाखवायची हिंमत नाही.

---

शंकेखोर | १८ जून, रात्री ८:३०

कलम १५ चं वाचलं. खरंच विहिरी लिहिलंय. मला वाटलं होतं ताई रंगवून सांगतायत.

तरी गुणांचं कसं करणार? अकरा पोरं, एक बोलघेवडं, एक लाजाळू. बोलणाऱ्यालाच नऊ मिळणार.

---

खाडीपलीकडचा | १८ जून, रात्री १०:४०

@शंकेखोर, गेल्या वर्षी मी वही तपासली, प्रदर्शन नाही. वहीत तीन गोष्टी पाहिल्या: कुणाला विचारलं ते लिहिलंय का, दोन माणसांनी वेगवेगळं सांगितलं तर दोन्ही नोंदलंय का, आणि आपली चूक कापून शेजारी दुरुस्ती केलीय का. खाडाखोड असलेल्या वहीला जास्त गुण. पालकांना हे पटवताना घाम फुटला. वर्गातला सगळ्यात लाजाळू मुलगा पहिला आला, कारण तो ऐकून घेतो.

@निवृत्त_बाई, नाही. वाचून दाखवलं नव्हतं. सुचलंच नाही.

@तळ्याकाठची, आठ-अ आणि सातबारा काढतो.

---

खाडीपलीकडचा | २५ ऑगस्ट, रात्री ११:०५

धागा वर काढतोय. भातलावणी, मग गणपतीच्या आधीची गडबड, त्यामुळे उशीर.

रजिस्टरचं थोडक्यात: बाईंनी सांगितलं तसं नाव झाकून वाचलं. १९५० ते १९९० धरलं. 'मुंबईस' बहुतेक मुलगेच. मुलींच्या पुढे 'घरकाम', नाहीतर 'सतत गैरहजर'. यंदाच्या सातवीतल्या मुलींनी हे लगेच पकडलं आणि आता त्यांचा वेगळाच गट झालाय, 'घरकाम म्हणजे नेमकं काय' हे आपापल्या आज्यांना विचारणारा. गिरगावकर, ८३ मध्ये मुंबईच्या शाळांचे दाखले घेऊन आलेली चार पोरं निघाली. तुमचे भाऊबंद.

आता विहिरीचं. सातबारा काढला. मधल्या वाडीतली विहीर खासगी नाही. नकाशावरही सार्वजनिक दाखवलीय, आम्ही वर्षभर तोच नकाशा हातात धरून फिरत होतो.

पान घेऊन आजींकडे गेलो. ती मुलगी आली होती, यंदाच्या सातवीतली दोघं वहीपेन घेऊन. पडवीत बसून मुलीने स्वतःच वाचून दाखवलं. आजींनी मध्ये एकदा थांबवलं, "ओतायचे न्हाय, ओतायच्या. बायका व्हत्या त्या. त्यातली येक लय चांगली व्हती." मुलीने खोडून दुरुस्त केलं. माझी धास्ती होती की आता नको म्हणतील. तसं काही झालं नाही. भिंतीवर लावा म्हणाल्या, नाव घाला म्हणाल्या.

मग उत्साहाने पोरांनी गेल्या वर्षीचा तक्ता उघडून दाखवला. बोट ठेवून एकेक रकाना वाचायला लागली. विहिरीचं नाव. कोणी खणली: मधल्या वाडीतल्या एका घराण्याचं नाव, त्यांच्या आजोबांच्या काळात. खोली: साडेआठ मीटर.

"किती पुरुष?" आजींनी विचारलं. पोरांना पुरुष हे माप माहीत नव्हतं, मी सांगितलं, साधारण पाच. त्या म्हणाल्या, बरोबर, पाचच. "माजा आजा खाली उतारला व्हता. पानी लागलं त्या दिवसापतूर तोच आत व्हता. लागलं, वर आला, मग न्हाय कदी."

पोरगा लिहीत होता. लिहिता लिहिता थांबला आणि तक्त्याकडे बघून म्हणाला, "सर, मग इथे कोणी खणली ते चुकलंय."

घरी येऊन तक्ता पुन्हा पाहिला. तेवीसच्या तेवीस विहिरींपुढे 'कोणी खणली' या रकान्यात मालकांची नावं आहेत. ज्यांनी पैसे दिले त्यांची. रकाना मीच आखला होता, आणि उत्तरं देणाऱ्या प्रत्येकाने तो 'कोणी खणवली' असाच वाचला. अकरापैकी एकाही पोराने, आणि मीही, शंका घेतली नाही.

पोरांनी तक्त्यात आता आणखी एक रकाना आखलाय. तेवीस ठिकाणी परत जायचंय. सहा-सात विहिरी अशा आहेत की सांगणारं कुणी उरलंय की नाही ते बघावं लागेल. या शनिवारी पाऊस नसला तर वरच्या वाडीपासून सुरू करू.

---

शंकेखोर | २५ ऑगस्ट, रात्री ११:४०

मास्तर, तो तक्ता भरून झाला की इथे टाका. आमच्या गावात चौदा विहिरी आहेत. पोराला घेऊन काल मोजल्या. कठडा वजा करून.